भोपळ्यातला दिवा, कबरीवरची मेणबत्ती

ऑक्टोबर महिना सरत आला की आमच्या कात्रपच्या दुकानांतून दोन प्रकारचा माल एकाच वेळी दिसू लागतो. एका दोरीवर आकाशकंदील टांगलेले असतात आणि अलीकडच्या वर्षांत त्यांच्या शेजारच्या दोरीवर कवटीचे मुखवटे, प्लास्टिकचे सांगाडे व दात विचकणारे नारिंगी भोपळे. दुकानदाराच्या मनात या दोहोंविषयी काही द्वैत नसते. त्याच्या लेखी दोन्ही चार दिवसांचा माल. द्वैत असते ते गिऱ्हाइकांच्या मनात, आणि त्यातही आम्हा ख्रिस्ती गिऱ्हाइकांच्या मनात अधिक. कारण शेजारीपाजारी आम्हाला हमखास विचारतात, "हा हॅलोविन म्हणजे तुमचाच सण ना?" या प्रश्नाला 'हो' म्हणावे तर जीभ अडखळते आणि 'नाही' म्हणावे तर ते पूर्ण खरे नव्हे.

२०२४ साली हा प्रश्न आमच्या इमारतीत फारच निकडीचा झाला. त्या वर्षी पंचांगाने आणि चर्चच्या दिनदर्शिकेने जणू संगनमत केले होते. ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आणि त्याच दिवशी हॅलोविन. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि सकल संतांचा सण. २ नोव्हेंबरला बलिप्रतिपदा आणि सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन. इमारतीतील तरुण मंडळींनी ३१ तारखेच्या संध्याकाळी मुलांसाठी 'भुतांची रात्र' योजली आणि लगेच दोन्ही बाजूंनी आक्षेप उभे राहिले. काही हिंदू शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की दिवाळीच्या पहिल्याच दिवशी दारात हडळी नकोत. आमच्यापैकी काही कुटुंबांचे म्हणणे असे, की हा सैतानाचा उत्सव आहे, आपल्या मुलांना तिकडे पाठवू नये. एरवी ज्यांचे कशावरही एकमत होत नाही अशा घरांचे या एका बाबतीत मात्र एकमत झाले.

या वादात मी लक्ष घातले त्याला कारण आमच्या घरातच होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये माझी पत्नी देवाघरी गेली. आमची नात तेव्हा आठ वर्षांची होती. आजीच्या खोलीत जायचे तिने बंद केले. रात्री दिवा मालवू देत नसे. एके दिवशी शाळेतून आल्यावर, बूट काढता काढताच, तिने मला विचारले, "आजोबा, आजी आता भूत झाली का?" मेलेली माणसे भुते होतात आणि आपल्याच घरात फिरत राहतात, असे वर्गातल्या मैत्रिणींनी तिला सांगितले होते. मुलाने आणि सूनबाईंनी ठरवले, की काही काळ तरी तिच्यासमोर मरणाचा विषय नको. भुतांची रात्र नको आणि दोन नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीतही तिला न्यायचे नको. त्यांचा हेतू प्रेमाचा होता; पण ज्या विषयाला घरात जागा मिळत नाही तो मुलांच्या मनात अंधारी जागा शोधतो. हा सण मुळात कशासाठी आहे, हे आधी आपण समजून घ्यावे असे मला वाटले.

'हॅलोविन' या शब्दातच चर्चचा शिक्का आहे. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र जन, संत; आणि 'ईव्हन' म्हणजे संध्याकाळ. नाताळच्या आदल्या रात्रीला जसे महत्त्व, तसेच एके काळी सकल संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळला होते. ते जागरण चर्चच्या उपासनेत शतकानुशतके पाळले जाई. १९५५ साली पोप बारावे पायस यांच्या काळात उपासनेच्या दिनदर्शिकेची पुनर्रचना झाली, तेव्हा अनेक जागरणांबरोबर तेही वगळले गेले. म्हणजे संध्याकाळ बाजाराकडे गेली ती काही अंशी आपण तिच्यावरचा हक्क सोडल्यामुळे!

या संध्याकाळच्या मुळाशी ख्रिस्तपूर्व काळातील काही आहे काय? आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांत उन्हाळा संपून हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास 'साविन' नावाचा सण होता. गुरे कुरणांतून खाली आणायची, त्यांतली काही हिवाळ्यासाठी कापायची, शेकोट्या पेटवायच्या असा तो काळ. त्या रात्री या जगाचे आणि अदृश्य जगाचे दार किलकिले होते, अशी समजूत आयरिश कथांतून दिसते. त्या सणावरच चर्चने आपला सण बेतला असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासकांना मात्र ते तितकेसे सरळ वाटत नाही, कारण आरंभीच्या आयरिश चर्चमध्ये सकल संतांचा सण एप्रिलमध्ये पाळला जात असे. रोममध्ये तर त्याची पाळेमुळे मे महिन्यात सापडतात. इसवी सन ६०९ च्या सुमारास १३ मे रोजी पोप चौथे बोनिफेस यांनी सर्व दैवतांसाठी बांधलेले पँथिऑन हे मंदिर पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांना अर्पण केले. गंमत अशी, की मे महिन्याच्या त्याच दिवसांत प्राचीन रोमन लोक घरातली भुते शांत करण्याचा 'लेमुरिया' हा विधी करीत. घरचा कर्ता पुरुष मध्यरात्री अनवाणी उठून मागे वळून न पाहता घेवड्याच्या जातीचे काळे दाणे टाकत जाई. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनामंदिर अर्पण केले आणि नवव्या शतकात, पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात, १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपभर रूढ झाली.

त्याला दुसरा दिवस जोडला तो फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी. इसवी सन १००० च्या आसपास त्यांनी आपल्या मठांना आज्ञा केली, की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृतांसाठी प्रार्थना करावी, घंटा वाजवाव्यात, दानधर्म करावा. ज्यांची नावे वेदीवर पोचली ते संत. पण ज्यांची नावे कोणीच घेत नाही त्यांचे काय, असा तो प्रश्न होता. या प्रार्थनेचा आधार पवित्र शास्त्रातही आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो.

या दोन दिवसांतून इंग्लंडात एक सुंदर प्रथा निघाली. गोरगरीब आणि मुले दारोदार फिरत. घरोघरी त्यांना 'सोल केक' नावाच्या लहान गोड भाकऱ्या मिळत आणि त्यांच्या बदल्यात ती त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकात सकल संतांच्या सणाच्या भिकाऱ्याची उपमा सहज येऊन जाते, इतकी ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची होती. धर्मसुधारणेच्या काळात तेथे मृतांसाठी प्रार्थना बंद पडली, तरी दारोदार फिरणे काही भागांत टिकले. आयर्लंडात मुले सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेत पोचलेल्या त्या निर्वासितांना सलगमापेक्षा मोठा आणि पोखरायला सोपा असा भोपळा मिळाला. पुढे विसाव्या शतकात मिठाईवाल्यांनी, पोशाखवाल्यांनी आणि चित्रपटवाल्यांनी त्याचे काय केले ते आपण पाहतोच. गोड भाकरी राहिली, प्रार्थना गळाली. वेष राहिला, नाव विसरले गेले.

हे सारे वाचताना मला पुनःपुन्हा आपलेच घर दिसत होते. भाद्रपदातील पितृपक्ष, धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला यमदीप, दिवाळीत पितरांना वाट दाखवण्यासाठी धरायचा उजेड, हे सगळे शरद ऋतूतलेच. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे रस्त्यांवर नाचतात आणि पहाटे जाळले जातात. आमच्या इमारतीतील मुले त्या पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात. ते कारीटही भोपळ्याच्याच कुळातले! पाडव्याला तर पाताळात गेलेला बळिराजा आपल्या प्रजेला भेटायला वर येतो. आणि आमचे ख्रिस्ती शेजारी गोव्याकडचे असतील तर सांगतील, की लग्नाआधी घरच्या मृतांच्या स्मरणार्थ भिकाऱ्यांना जेवण घालण्याची चाल त्यांच्याकडे होती. इंग्लंडातील गोड भाकरी आणि गोव्यातील हे जेवण यांत अंतर आहे ते समुद्राचे, भाव एकच.

भुतांच्या बाबतीत तर आपण कोणाकडून उसने घ्यावे अशी स्थितीच नाही. पिंपळावरचा मुंजा, विहिरीकाठची हडळ, वाट चुकवणारा चकवा, वेशीवरचा वेताळ, गोव्याकडचा देवचार. कोकणात वाढलेल्या प्रत्येकाच्या बालपणी ही मंडळी घरातल्या माणसांइतकीच परिचयाची असत. आणि आपला भोपळा? लेकीच्या घरून धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून जंगलातून परत येणारी म्हातारी आपल्यातल्या कोणाला आठवत नाही? वाघ-कोल्हे तिला खायला टपलेले. पण ती म्हातारी मरणाला हातोहात फसवून घरी पोचते. पोखरलेल्या भोपळ्यात दिवा ठेवून मरणाला वाकुल्या दाखवणारे आयरिश पोर आणि ही म्हातारी यांची ओळख करून दिली तर त्यांचे छान जमेल, असे मला वाटले.

तथापि आमच्या धर्मग्रामातील ज्यांनी आक्षेप घेतला त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. मृतात्म्यांना बोलावणे, त्यांच्याकडून भविष्य विचारणे, जादूटोणा यांना चर्चचा स्पष्ट नकार आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही तो नमूद आहे. शौल राजा एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे गेला त्याची शोकांतिका आपण शमुवेलच्या पुस्तकात वाचतो. रक्ताळलेले चेहरे, सुऱ्या, फास यांचा बीभत्स बाजार मुलांपुढे मांडणे हेही मला मान्य नाही. पण मुलांनी चादर पांघरून एकमेकांना घाबरवणे आणि मग पोट धरून हसणे याला सैतानपूजा म्हणणे म्हणजे सैतानाला फुकटचा मान देणे होय. २००२ साली पॅरिसच्या धर्मप्रांताने 'होलीविन्स' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात मुले संतांचे वेष घेऊन ती संध्याकाळ साजरी करतात. तोही एक चांगला मार्ग आहे. मला मात्र वाटते, की संतांच्या बरोबरीने एखाद्या मुंज्यालाही अंगणात येऊ द्यावे. भीतीला खेळात उतरवल्याशिवाय ती लहान होत नाही.

नातीच्या प्रश्नाला उत्तर देताना मला शुभवर्तमानच उपयोगी पडले. प्रभूचे शिष्यही भुतांना घाबरत. सरोवरावर चालत येणाऱ्या प्रभूला पाहून ते भूत म्हणून ओरडले. पुनरुत्थानानंतर तो त्यांच्यामध्ये उभा राहिला तेव्हाही त्यांना तेच वाटले. संत लूक सांगतो, की प्रभूने त्यांना रागावून गप्प बसवले नाही. त्याने हातपाय दाखवले, खायला काही आहे काय म्हणून विचारले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. मी नातीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "भुताला भूक लागत नाही ना?" म्हटले, "नाही. आणि आजीला बोंबील किती आवडत ते तुला ठाऊक आहे." ती पहिल्यांदाच हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मग आजी कुठे आहे?" मी सांगितले, की ती देवाच्या हाती आहे, भिंतीत किंवा कपाटामागे नाही, आणि आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो ती तिला घालवण्यासाठी नव्हे, तिच्या वाटेवर सोबत व्हावी म्हणून.

इमारतीतील वाद मिटवला तो समोरच्या घरातील वृद्ध काकूंनी. त्या म्हणाल्या, "अहो, पहाटे आपण नरकासुराला चिरडलेच आहे. संध्याकाळी त्याची चार पोरे दारात आली तर त्यांना फराळ द्या आणि वाटेला लावा." एवढ्या साध्या शब्दांत दोन धर्मांचा तंटा सुटलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. ठरले असे, की बीभत्स सोंगे नकोत, कोणाच्या दारातली रांगोळी तुडवायची नाही, साडेआठला सारे घरात. चॉकलेटांऐवजी ज्याच्या घरी जे असेल ते. मुलाने व सूनबाईंनीही बऱ्याच विचारानंतर नातीला जाऊ देण्याचे कबूल केले.

आमच्या घरी मी आणि सूनबाईंनी लाल भोपळा आणला. त्याला डोळे आणि दात कोरायचे काम मुलाचे. आतला गर मात्र टाकायचा नाही, असे नातीने बजावले, कारण आजी भोपळ्याचे घारगे करीत असे. गर किसून, गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक मळून आम्ही घारगे तळले. पत्नीच्या हाताची चव त्यांना नव्हती. पण वास तोच होता. त्या वासाबरोबर नात आजीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तेथून आजीची जुनी पांढरी ओढणी मागून घेतली. भूत होण्यासाठी तिला तीच हवी होती. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

सूर्य चंदेरीच्या डोंगररांगेआड गेला आणि जिन्यांतून एकच कल्लोळ सुरू झाला. दोन मुंजे, एक खवीस, कापसाची दाढी लावलेला एक संत, कागदी किरीट घातलेला नरकासुर आणि ओढणीतले आमचे भूत. सगळ्यांच्या पिशव्यांत चकल्या, शंकरपाळे आणि चिवडा. आमच्या दाराशी नात भुताची यजमानीण झाली. प्रत्येकाच्या हातावर घारगा ठेवताना तिने अट घातली, की आमच्या आजीचे नाव घ्या, मगच खा. त्या मुलांना काय त्याचे! मुंज्याने नाव घेतले, खविसाने घेतले, नरकासुराने तोंडात घास असतानाच घेतले. मग खविसाने विचारले, "माझ्या आजोबांचेपण घेऊ का?" आणि दारात आपापल्या घरच्या गेलेल्या माणसांची नावे सांगण्याची चढाओढ लागली. इंग्लंडच्या खेड्यांत शेकडो वर्षांपूर्वी गोड भाकरीच्या बदल्यात जे घडे तेच कात्रपच्या तिसऱ्या मजल्यावर, कोणी न शिकवता, गुळाच्या घारग्यावर घडत होते. मी आत जाऊन थोडा वेळ बसलो.

एक तारखेला मिस्सा झाली. डोंगरावरील प्रवचनातील धन्यवाद वाचले गेले आणि प्रकटीकरणातील, कोणालाही मोजता न येणारा तो शुभ्र वस्त्रांतला समुदाय पुन्हा डोळ्यांसमोर आला. आदल्या रात्रीची ओढणी आठवून नातीने मला कोपराने ढोसले.

दोन तारखेला आम्ही तिला वसईला नेले. बदलापूरहून दिवा, तेथे गाडी बदलून वसई रोड. पाडव्याच्या दिवशीही डब्यात फुलांच्या टोपल्या आणि मेणबत्त्यांची पुडकी घेतलेली आमच्यासारखी माणसे होती. दफनभूमीत माणसांची दाटी होती, पण गोंगाट नव्हता. कोणी कबरीवरचे गवत उपटीत होते, कोणी झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस रेखीत होते, फादर पवित्र पाणी शिंपडीत एकेका कबरीशी थांबत होते. नातीने पाहिले, की येथे कोणीच घाबरलेले नाही. तिने आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांचा आडोसा केला. शेजारच्या जुन्या कबरीवरचे नाव पुसले गेले होते आणि तेथे कोणी आले नव्हते. उरलेली मेणबत्ती तिने तेथे लावली. संत ओदिलोंनी हजार वर्षांपूर्वी याहून वेगळे काय सांगितले होते?

एका संध्याकाळने आणि एका प्रवासाने सारे दुःख सरले, असे मी म्हणणार नाही. रात्रीचा दिवा अजूनही चालूच असतो. पण आजीच्या खोलीत आता ती अभ्यासाला बसते.

मला चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आम्ही मंडळी कोणी वसईहून, कोणी गिरगावातून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरकडून येऊन या बाजूला घरे केली. आमच्या मृतांच्या कबरी मागे राहिल्या. कात्रपमध्ये जन्मलेल्या मुलांना एकाही कबरीची वाट ठाऊक नाही, आणि ज्यांना ती ठाऊक आहे ते आम्ही म्हातारे होत चाललो आहोत. अशा मुलांपुढे मरण येते ते केवळ पडद्यावरून किंवा दुकानातल्या मुखवट्यातून. त्याला चेहरा नसतो, नाव नसते, म्हणून ते भयाण असते. दर वर्षी १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकांना त्यांच्यासाठी पूर्ण दंडविमोचन मिळवण्याची सवलत चर्चने ठेवली आहे. ती आठ दिवसांची सोय, मला वाटते, मुलांना बरोबर नेण्यासाठीही आहे.

ज्यांना प्रवास जमत नाही त्यांच्यासाठी आणखी एक साधे साधन आपल्या हाताशी आहे. नोव्हेंबरमध्ये अनेक चर्चमधून मृतांच्या नावांचे लिफाफे वेदीजवळ ठेवले जातात. आजवर आमच्या घरी ती नावे मी लिहीत असे. २०२४ साली नातीने लिहिली. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली: माझे आईवडील, पत्नीचे आईवडील, लहानपणी तापाने गेलेला माझा भाऊ. प्रत्येक नावापाशी ती थांबून विचारी, "हे कसे होते?" आणि मला सांगावे लागे. एरवी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी पूर्ण दुपार लागली. कागद भरला तेव्हा तिने उलट बाजूला, कोणाचेच नाव घेतले जात नाही अशांसाठी म्हणून, एक ओळ मोकळी सोडली.